पित्ताशयातला खडा: काढायचा कधी, राहू द्यायचा कधी

मराठीत ‘पित्त’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी राबतो. जागरण झालं, उपाशीपोटी दोन कप चहा झाला, की छातीत जळजळतं आणि आंबट ढेकर येतात, ते पित्त. अंगावर लाल गांधी उठतात, खाज सुटते आणि आजी आमसुलाचं पाणी चोळते, तेही पित्त. यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा कडू रस, तोही पित्तच. पहिल्याचा संबंध जठरातल्या आम्लाशी, दुसऱ्याचा बहुतेकदा ॲलर्जीशी. पित्ताशयात खडे होतात ते फक्त तिसऱ्याचे. शब्दाचा हा घोळ वरवर किरकोळ वाटतो, पण ऑपरेशन करायचं की नाही हे ठरवताना तो घराघरांत गोंधळ घालतो.

माझ्या मावशीला वर्षानुवर्षं जळजळीचा त्रास. एकदा सगळ्या तपासण्या करून घेतल्या, त्यात सोनोग्राफी झाली आणि ‘पित्ताशयात अनेक लहान खडे’ असं निघालं. घरात सगळ्यांनी एकमुखाने ठरवलं, हेच ते पित्त! पित्ताची पिशवी काढली. ऑपरेशन व्यवस्थित झालं, टाके भरले, आणि दीड महिन्यात जळजळ परत आली. आमच्या शेजारच्या काकांचं नेमकं उलटं. दर दोन-तीन महिन्यांनी रात्री-बेरात्री पोटाच्या वरच्या भागात असं दुखायचं की त्यांना झोपवेना, बसवेना. दोन-तीन तासांनी थांबायचं. ‘गॅस’ म्हणून दोन वर्षं ते सोडा आणि ओवा घेत राहिले. शेवटी डोळे पिवळे झाले, स्वादुपिंडाला सूज आली आणि आठवडाभर दवाखान्यात काढावा लागला. मावशींचे खडे दुखत नव्हते, ते निघाले. काकांचे दुखत होते, ते राहिले.

यकृत रोज साधारण अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करतं. जेवणांच्या मधल्या वेळात त्यातला काही भाग पित्ताशयात साठतो. ही पेराच्या आकाराची पिशवी, त्यात मावतं जेमतेम तीस ते पन्नास मिलिलिटर. पण ती रसातलं पाणी शोषून घेते आणि रस कित्येक पट दाट करते. तुपातलं, तेलातलं काही खाल्लं की लहान आतड्यातून एक संप्रेरक रक्तात उतरतं, पिशवी आकसते आणि दाट रस आतड्यात सोडते. सोनोग्राफीला उपाशीपोटी बोलावतात ते यासाठीच. खाल्लेलं असेल तर पिशवी रिकामी होऊन आक्रसलेली असते आणि आतलं नीट दिसत नाही.

पित्तरसात कोलेस्टेरॉल असतं आणि ते पाण्यात विरघळत नाही. साबणाचं पाणी जसं तेलाला धरून ठेवतं, तसे पित्तक्षार आणि लेसिथिन त्याला धरून ठेवतात. कोलेस्टेरॉल जास्त झालं किंवा पिशवी नीट रिकामी होईनाशी झाली, की ही पकड सुटते. खडीसाखर करताना दाट पाक निवांत ठेवला की दोऱ्याला खडे धरतात, तसंच काहीसं इथे होतं. दोऱ्याचं काम पित्ताशयाच्या भिंतीतून पाझरणारा चिकट बुळबुळीत द्राव करतो. गरोदरपणात एका संप्रेरकाने पित्तातलं कोलेस्टेरॉल वाढतं आणि दुसऱ्याने पिशवी सुस्तावते. बायकांत खडे जास्त आढळतात त्याचं हे एक मोठं कारण. झपाट्याने वजन उतरवणाऱ्यांनाही खडे लवकर धरतात.

सगळे खडे कोलेस्टेरॉलचे नसतात. तांबड्या पेशी सतत फुटत राहिल्या तर त्यांच्यातल्या रंगद्रव्याचे काळे खडे होतात. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत, तिथे कोवळ्या वयातल्या मुलांच्या पोटातही असे खडे सापडतात. भारतात रेल्वे कर्मचाऱ्यांची पाहणी करून १९६८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात उत्तरेकडच्या कामगारांत पित्ताशयाच्या खड्यांचं प्रमाण दक्षिणेकडच्यांच्या सातपट आढळलं होतं.

आता खडा दिसला, पुढे काय? अमेरिकेतले नामांकित सर्जन विल्यम मेयो यांनी १९११ साली ठासून सांगितलं की निरुपद्रवी खडा ही निव्वळ दंतकथा आहे. दिसला की काढा. पुढची कित्येक दशकं या मताचं वजन राहिलं. मग मिशिगन विद्यापीठातल्या नोकरवर्गाच्या नेमाच्या तपासणीत ज्यांच्या पोटात खडे दिसले पण ज्यांना काहीच होत नव्हतं, अशा १२३ जणांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली गेली. निष्कर्ष १९८२ साली आले. पहिल्या पाच वर्षांत शंभरातल्या दहांना दुखणं सुरू झालं, दहा वर्षांत पंधरांना, वीस वर्षांत अठरांना. म्हणजे वीस वर्षांनीही शंभरातले ब्याऐंशी जण खड्यांसकट सुखात होते! खड्यांमुळे एकही जण दगावला नाही. तिघांच्या बाबतीत गुंतागुंत झाली, पण तिघांनाही आधी दुखण्याचे झटके येऊन गेले होते. या १२३ जणांत पुरुषच फार होते, त्यामुळे आकडे जसेच्या तसे सगळ्यांना लावता येणार नाहीत. पण नंतरच्या पाहण्यांतूनही चित्र तेच राहिलं: न दुखणाऱ्या खड्यांपैकी बहुतेक आयुष्यभर मुकाट राहतात, आणि त्रास द्यायचाच असेल तर सहसा आधी दुखून इशारा देतात.

‘खडे आहेत, बॉम्ब आहे पोटात’ असं कुणी म्हणालं की मला हे १२३ जण आठवतात. काहीही दुखत नसेल तर सर्वसाधारणपणे ऑपरेशन नको, असंच आजचं शास्त्र सांगतं. नुसता मधुमेह आहे म्हणूनही नको. पूर्वी तसा सल्ला सर्रास दिला जाई.

अपवाद आहेत. तीन सेंटिमीटरहून मोठा खडा, पित्ताशयात एक सेंटिमीटरहून मोठा कोंब (पॉलिप), पिशवीच्या भिंतीत साठलेलं कॅल्शियम, या गोष्टी दिसल्या तर कर्करोगाची शक्यता ध्यानात घेऊन सर्जनशी बोलावंच लागतं. सिकलसेलच्या रुग्णांत ऑपरेशनचा विचार लवकर होतो, कारण त्या आजाराच्या झटक्यातही पोट दुखतं आणि दुखणं खड्याचं की सिकलसेलचं हे ओळखणं अवघड जातं. पित्ताशयाचा कर्करोग उत्तर भारतात, विशेषतः गंगेच्या खोऱ्यात, जास्त दिसतो, म्हणून तिकडचे डॉक्टर न दुखणाऱ्या खड्यांबद्दलही अधिक सावध असतात. आपल्याकडे त्याचं प्रमाण बरंच कमी आहे. तिकडची भीती जशीच्या तशी इकडच्या रुग्णाला घालणं मला पटत नाही.

तेव्हा सगळा प्रश्न येऊन थांबतो तो दुखण्यावर. खड्याचं दुखणं कसं असतं? पोटाच्या वरच्या भागात, मधोमध किंवा उजव्या बरगडीखाली, चढत जाणारं आणि मग टिकून राहणारं. निदान अर्धा तास, कधी चार-पाच तास. पाठीत किंवा उजव्या खांद्याच्या फऱ्याकडे जाणारं. कूस बदलून, ढेकर देऊन किंवा शौचाला जाऊन न थांबणारं. सोबत मळमळ, उलटी. बऱ्याचदा जड जेवणानंतर किंवा मध्यरात्री. आणि दोन झटक्यांच्या मध्ये आठवडे, कधी महिने, माणूस ठणठणीत. रोजची जळजळ, पोट फुगणं, करपट ढेकर, जेवल्यावर जडपणा, या तक्रारी खडे नसलेल्यांनाही तितक्याच असतात. पिशवी काढून त्या जातील याची हमी कुणी देऊ नये.

नेदरलँड्समध्ये याच मुद्द्यावर एक मोठी चाचणी झाली. खडे आणि पोटदुखी दोन्ही असलेले १०६७ रुग्ण घेतले. अर्ध्यांना सर्जनच्या नेहमीच्या अंदाजाने ऑपरेशन सुचवलं, अर्ध्यांना काटेकोर लक्षणं जुळली तरच. दोन्ही गटांतल्या बहुतेकांचं ऑपरेशन झालं. वर्षानंतर पोटदुखीपासून पूर्ण मोकळे झालेले रुग्ण एका गटात ५६ टक्के, दुसऱ्यात ६० टक्के. हे आकडे २०१९ साली प्रसिद्ध झाले तेव्हा अनेक सर्जन चपापले असतील. खडा असणं आणि पोट दुखणं, या दोन गोष्टी एकाच पोटात योगायोगानेही एकत्र नांदू शकतात!

ब्रिटनमधल्या वीस रुग्णालयांत ४३४ रुग्णांवर झालेली चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. दुखतं आहे पण गुंतागुंत नाही, असे हे रुग्ण. निम्म्यांना ऑपरेशन ठरवलं, निम्म्यांना गरजेपुरती औषधं देऊन थांबायला सांगितलं. दीड वर्षात थांबलेल्यांपैकी पंचवीस टक्क्यांचं ऑपरेशन करावं लागलं, आणि दोन्ही गटांच्या दुखण्याच्या सरासरीत फरक दिसला नाही. मात्र ऑपरेशनच्या गटातल्याही एक-तृतीयांश रुग्णांचं ऑपरेशन तोवर झालेलं नव्हतं, आणि दीड वर्ष म्हणजे काही आयुष्य नव्हे. मी त्यातून एवढंच घेते की एखादा-दुसरा झटका येऊन गेलेल्या माणसाला विचार करायला वेळ आहे, धावपळ नको. ठरावीक लक्षणांचे झटके वारंवार येत असतील तर मात्र ठरवून, धडधाकट असताना, सोयीच्या दिवशी ऑपरेशन करून घेणं शहाणपणाचं.

गुंतागुंत झाली की चर्चेला जागा उरत नाही. झटका पाच-सहा तासांहून लांबला, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे किंवा लघवी गर्द पिवळी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. काकांच्या स्वादुपिंडाला सूज आली होती, ती ओसरल्यावर ते घरी आले, ‘बघू दिवाळीनंतर’ म्हणाले, आणि तीन आठवड्यांत पुन्हा दाखल झाले. नेदरलँड्समधल्याच २०१५ च्या एका चाचणीत हे मोजलेलं आहे. सौम्य सूज असलेल्यांचं ऑपरेशन त्याच मुक्कामात केलं तर पाच टक्क्यांना पुन्हा खड्यांच्या त्रासाने दाखल व्हावं लागलं किंवा मृत्यू आला. ऑपरेशन चार आठवड्यांवर ढकललं तर सतरा टक्क्यांना.

‘नुसते खडे काढा, पिशवी कशाला काढता?’ हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो, आणि तो रास्त आहे, कारण मुतखड्यात मूत्रपिंड ठेवून फक्त खडाच काढतात. बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी १५ जुलै १८८२ रोजी पहिल्यांदा पित्ताशय काढलं, तेव्हा त्यांचा युक्तिवाद असा होता की पिशवी खडे साठवते म्हणून नव्हे, तर ती खडे तयार करते म्हणून काढायची. नुसते खडे काढले तर पुन्हा धरतात. गोळ्यांनी विरघळवण्याचंही तेच. अर्सोडीऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या फक्त लहान, कॅल्शियम नसलेल्या, कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर चालतात. सहा महिने ते दोन वर्षं घ्याव्या लागतात, आणि विरघळले तरी पाच वर्षांत जवळपास निम्म्यांना परत होतात.

मुतखड्याचे बाकीचे उपायही इथे लागू नाहीत. भरपूर पाणी पिऊन हे खडे वाहून जात नाहीत, टोमॅटो-पालक सोडून थांबत नाहीत. मुतखडा बाहेर पडला की सुटका. पित्ताशयातला लहान खडा बाहेर पडला तर तो मुख्य पित्तनळीत अडकून कावीळ होते, किंवा नळीच्या टोकाशी अडकून स्वादुपिंड सुजतं. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन खडे ‘पाडण्याचा’ उपाय मोबाइलवर फिरत असतो. दुसऱ्या दिवशी शौचातून हिरव्या गोळ्या पडतात आणि माणूस हरखतो. न्यूझीलंडमधल्या एका रुग्ण बाईंनी अशाच गोळ्या डॉक्टरांना दाखवायला आणल्या. प्रयोगशाळेत त्या चाळीस अंशांनाच वितळल्या. पोटात तेल आणि लिंबापासून तयार झालेला तो साबण होता.

आता हे ऑपरेशन दुर्बिणीतून होतं. जर्मनीत एरिख म्यूहे यांनी १९८५ साली ते पहिल्यांदा केलं, तेव्हा त्यांच्या देशातल्या सर्जन मंडळींनी त्यांच्यावर टीकाच केली. भारतात १९९० साली मुंबईत डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी पहिलं केलं. जे. जे. रुग्णालयात ते १९७२ पासूनच दुर्बिणीने पोट तपासत होते. फुगवलेल्या पोटाला तीन-चार बारीक छिद्रं, एक-दोन दिवसांचा मुक्काम. पण छिद्रं लहान म्हणून ऑपरेशन लहान होत नाही. पिशवीची नळी समजून मुख्य पित्तनळीच कापली जाण्याचा अपघात हजारात साधारण तीन ते पाच जणांच्या बाबतीत घडतो आणि तो निस्तरायला पुन्हा मोठी शस्त्रक्रिया लागते. सुजून चिकटलेल्या पिशवीत हा धोका वाढतो. दुर्बिणीने नीट दिसत नसेल तर सर्जन पोट उघडतात. त्याला अपयश समजू नका, ती काळजी असते. सर्जनला सरळ विचारा: वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, नळी ओळखू आली नाही तर काय करता, मुख्य नळीत खडा असेल तर तो कोण काढणार? चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही.

आणि जाण्याआधी दोन महिने एका वहीत टिपून ठेवा: कधी दुखलं, नेमकं कुठे, किती वेळ, आधी काय खाल्लं होतं, कशाने थांबलं. मावशींनी हे केलं असतं तर त्या वहीत रोजची जळजळ निघाली असती, झटका एकही नाही.

पिशवी गेल्यावर पचन अडत नाही. घोड्याला आणि उंदराच्या मोठ्या भावाला, घुशीसारख्या दिसणाऱ्या रॅटला, पित्ताशय नसतंच. रस यकृतातून थेट आतड्यात झिरपत राहतो. काहींना सुरुवातीला पातळ शौचाला होतं, बहुतेकांचं आपोआप थांबतं, न थांबलं तर औषध आहे. जन्मभराचं पथ्य नाही. काढलेली पिशवी तपासणीला पाठवली का आणि तिचा अहवाल काय आला, एवढं मात्र टाके दाखवायला जाल तेव्हा आठवणीने विचारा.