ठसेकाम, शालेय (पुणे)

उठाव किंवा खाच असलेल्या पृष्ठभागाला रंग वा शाई लावून त्याचा छाप कागदावर किंवा कापडावर घेण्याचा कलाविषयातील उपक्रम. प्राथमिक वर्गांत भेंडी, बटाटा, पाने, दोरा यांचे ठसे घेतात. साधारण सहावी-सातवीपासून पुठ्ठा, लिनोलियम किंवा मऊ लाकूड वापरून छापचित्रे करतात. शिळामुद्रण (दगडावरून छपाई) आणि आम्लाने पत्रा कोरण्याच्या पद्धती शाळेत येत नाहीत. त्यांसाठी यंत्र, रसायने आणि स्वतंत्र जागा लागते. पुण्यात त्या कला महाविद्यालयांच्या कक्षेत मोडतात.

पूर्वपीठिका : पुण्यातील चित्रछपाईच्या शिक्षणाचा आरंभ पेशवाईच्या अखेरीस नेण्याचा प्रघात आहे. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स (मृत्यू १७९५) याने सवाई माधवरावांच्या काळात, बहुधा १७९१ ते १७९५ च्या दरम्यान, शनिवारवाड्यात चित्रशाळा चालवली. पुण्याच्या दरबारातील इंग्रज वकील (रेसिडेंट) चार्ल्स मॅलेट याचा तिला पाठिंबा होता. तेथे तयार झालेल्या गंगाराम तांबट याची वेरूळ आणि इतर लेण्यांची रेखाटने आजही उपलब्ध आहेत. याच काळातील दुसरी हकीकत अशी, की मॅलेटच्या प्रेरणेने एका तांबटाला तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरण्याची विद्या शिकवण्यात आली आणि नाना फडणीस यांनी त्याच्याकडून भगवद्गीता छापून घेण्याचे योजले. नानांचा मृत्यू १८०० साली झाला. पुढे काम पुण्यात न होता मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने पुरे झाले आणि १८०५ च्या सुमारास गीता छापली गेली. अ. का. प्रियोळकर यांनी भारतीय मुद्रणाच्या इतिहासात या गीतेची दखल घेतली आहे.

या दोन हकिकती जोडून शनिवारवाड्यातील शाळा ही पुण्यातील पहिली छापचित्र-शाळा होती, असे काही वेळा सुचवले जाते. गीतेचा तांबट आणि गंगाराम तांबट एकच मानण्याचाही मोह होतो. मात्र ‘तांबट’ हे व्यवसायवाचक आडनाव आहे आणि कसब्यातील तांबट आळीत ते अनेकांचे असणार. केवळ नावावरून व्यक्ती ठरवणे धोक्याचे आहे. शिवाय वेल्सच्या शाळेत शिकवले गेले ते मुख्यत्वे रेखाटन. वेल्सच्या वेरूळच्या चित्रांचे छाप इंग्रज चित्रकार टॉमस डॅनियलने वेल्सच्या मृत्यूनंतर, १८०३ मध्ये, लंडनला प्रसिद्ध केले. म्हणजे रेखाटन पुण्याचे आणि छपाईचे पत्रे विलायतेतले, अशीच त्या कामाची वाटणी होती. तेव्हा शनिवारवाड्याची शाळा रेखाटनाच्या शिक्षणाच्या इतिहासात आणि मिरजेची गीता मुद्रणाच्या इतिहासात ठेवणे अधिक सयुक्तिक होय.

‘चित्रशाळा’ नावाच्या छापखान्याविषयीही असाच विवेक लागतो. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सु. १८७८ मध्ये पुण्यात तो काढला. येथील रामपंचायतनासारखी शिळामुद्रित चित्रे घरोघरी गेली. त्याच चिपळूणकरांनी टिळक व नामजोशी यांच्यासह १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. छापखाना आणि शाळा दोन वर्षांच्या अंतराने एकाच माणसाच्या हातून उभ्या राहिल्या, तरी छापखान्यातला दगड शाळेच्या वर्गात आला असे म्हणण्यास आधार मिळत नाही. राजा रविवर्मा यांचा १८९४ साली मुंबईत सुरू झालेला छापखाना शतकाच्या अखेरीस पुणे जिल्ह्यात मळवलीला आला. त्यालाही शालेय शिक्षणाशी संबंध नव्हता. एवढी मोठी चित्रछपाई आसपास चालू असताना चित्रकलेचा तास मात्र पाटी, पेन्सिल आणि जलरंगांवरच चालला.

शालेय लिनोकामाचा वंश दुसरीकडे शोधावा लागतो. जवसाचे तेल, बुचाचा भुसा आणि तागाचे अस्तर यांपासून बनणारे लिनोलियम हे १८६० च्या दशकात इंग्लंडात फ्रेडरिक वॉल्टनने फरशीवर अंथरण्यासाठी तयार केले. मुलांच्या हाती ते देण्याचे श्रेय सामान्यतः व्हिएन्नाच्या फ्रान्झ चिझेकला दिले जाते. त्याने १८९७ पासून मुलांचे कलावर्ग चालवले आणि तेथील मुलांची कामे १९२० नंतर इंग्लंडात प्रदर्शनांतून फिरली. भारतात नंदलाल बोस यांनी रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’ (१९३०) या बालवाचनासाठी लिनोछाप केले. दांडीयात्रेतील गांधीजींचे त्यांचे लिनोचित्र त्याच वर्षीचे. मुंबईत राहून काम करणारे चित्रकार चित्तप्रसाद यांनी हे माध्यम स्वस्त, झटपट आणि अनेक प्रती देणारे म्हणून वापरले. महाराष्ट्रातील शाळांत ते कलाशिक्षक पदविकेच्या अभ्यासक्रमातून आणि कला महाविद्यालयांतून शिकून आलेल्या शिक्षकांमार्फत पोहोचले असावे. निश्चित वर्ष सांगण्यापेक्षा स्वातंत्र्योत्तर काळ एवढेच म्हणणे सुरक्षित.

अध्यापन : पहिली ते चौथीत भेंडीचा आडवा काप, अर्धा कांदा, कारले आणि पिंपळाचे पान पुरते. भेंडी कापून थोडी सुकू द्यावी लागते, नाहीतर तिचा बुळबुळीत चीक रंगात उतरून पाकळ्या पसरतात. बटाटा कोरल्यावर सुटणारे पाणी फडक्याने टिपल्याखेरीज पोस्टर कलर त्यावर बसत नाही. ठशाचा रंग वाटीतून उचलण्याऐवजी रंगात भिजवलेल्या स्पंजवरून उचलला, तर कडा स्वच्छ येतात. हे ज्ञान बहुधा शिक्षकांकडून शिक्षकांकडे तोंडीच जाते.

लिनोकामात वर्गाची खरी परीक्षा उलट्या प्रतिमेची असते. पाटावर (कोरायच्या लिनोच्या तुकड्यावर) जे डावीकडे ते कागदावर उजवीकडे. चित्रात ही अदलाबदल खपून जाते. अक्षरांत खपत नाही. देवनागरीत तर ती विशेष जाचक ठरते, कारण सुलट कोरलेली पहिली वेलांटी छापात अक्षराच्या उजवीकडे जाऊन दुसरीसारखी दिसते आणि ‘दिवाळी’च्या शुभेच्छापत्रावर दोन्ही वेलांट्यांची सरमिसळ होते. उपाय जुनाच आहे : अक्षरे पारदर्शक कागदावर मऊ पेन्सिलीने लिहावीत, कागद पालथा घालून पाटावर घासावा आणि उमटलेल्या उलट्या रेघांवरूनच कोरावे. कोरण्यापूर्वी पाट आरशासमोर धरून पाहण्याची सवय लावणारे शिक्षक बराच लिनो वाचवतात. दुसरी अडचण उठावाची. पेन्सिलीने रेघ काढणाऱ्या मुलाला रेघ म्हणजे काळे असे वाटते. पटाशीने काढलेली रेघ पांढरी येते. काळी रेघ हवी तर तिच्या दोन्ही बाजू काढून टाकाव्या लागतात. हे समजावून सांगण्यापेक्षा पहिल्या पाटावर नुसत्या पांढऱ्या रेघांचे चित्र करू देणे बरे.

हत्यारे ‘यू’ आणि ‘व्ही’ आकाराच्या टोकांची असतात. नियम एकच, आणि तो प्रत्येक तासाला सांगावा लागतो : पाट धरणारा हात पात्याच्या मागे. बाकाच्या कडेला अडकणारी लाकडी अडण असेल तर पाट सरकत नाही. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी लिनो कडक होऊन त्याचे कपचे उडतात, म्हणून तो तासाआधी खिडकीतल्या उन्हात ठेवतात. बाजारात लिनो म्हणून मिळणारे काही तुकडे प्रत्यक्षात मऊ व्हिनाइलचे असतात. ते कापायला सोपे, पण बारीक रेघ धरून ठेवीत नाहीत.

शाई काचेवर पसरताना रबरी रूळ आधी गुळगुळीत सरकतो. थर पातळ आणि सारखा झाला की चरचर असा बारीक आवाज येऊ लागतो. तेव्हाच तो पाटावर फिरवावा. मुले सहसा शाई जास्त घेतात आणि कोरलेल्या खाचा बुजतात. शाळेत यंत्र नसल्याने कागद पाटावर ठेवून स्टीलच्या चमच्याच्या पाठीने मधून कडांकडे घासतात, एक कोपरा उचलून पाहतात आणि जिथे फिके दिसेल तिथे पुन्हा घासतात. तेलयुक्त शाईचे छाप जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत वाळायला फार वेळ घेतात. त्यामुळे वर्गात दोरीला चिमट्यांनी टांगलेली चित्रे पुढच्या तासाच्या गणिताच्या शिक्षकांना खपवून घ्यावी लागतात. पाण्यावर आधारित शाईने हा प्रश्न मिटतो, पण ती उन्हाळ्यात काचेवरच सुकते.

साहित्य : वह्यांचे पुठ्ठे, सुतळी, जुनी लेस आणि फेव्हिकॉल यांपासून केलेला चिकटपाट (कोलाग्राफ) सर्वांत स्वस्त. पाटावर फेव्हिकॉलचा वरून एक हात दिला नाही तर पुठ्ठा शाई पिऊन टाकतो. थर्मोकोलच्या ताटलीवर बॉलपेनने दाबून केलेले छाप अनेक वर्षे लोकप्रिय होते. राज्य शासनाच्या २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने एकदाच वापरायच्या थर्मोकोल ताटल्यांवर बंदी आल्यानंतर त्यांची जागा दूध-सरबताच्या खोक्यांच्या आतल्या चकचकीत बाजूने घेतली. टोकदार वस्तूने तिच्यावर ओरखडे काढून शाई भरता येते आणि वरची पुसून खाचेतली छापता येते. खोदछापाची कल्पना देण्यास हे साधन थर्मोकोलपेक्षा उजवे आहे. कागदाच्या बाबतीत पुण्याची सोय चांगली : शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासून कापडाच्या चिंध्यांचा कागद करते. चमच्याने घासायचे तर त्यातला पातळ प्रकार घ्यावा; जाड कागद किंचित ओलसर केला तरी त्याला हाताचा दाब पुरत नाही.

अभ्यासक्रमातील स्थान : राज्याची पाठ्यपुस्तके करणारी बालभारती (स्थापना १९६७) आणि शैक्षणिक संशोधन परिषद या दोन्ही संस्था पुण्यातच आहेत. प्राथमिक वर्गांच्या कला व कार्यानुभवात ठसेकामाला जागा आहे. वरच्या वर्गांत ती आकसते. याचे मोठे कारण कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा. त्यांत चित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन यांचे पेपर असतात, छापचित्राचा नसतो. या श्रेणीचे वाढीव गुण दहावीत मिळत असल्याने आठवी-नववीचे तास तिकडे वळतात. संकल्पचित्रातील पुनरावृत्तीचा घटक शिकवण्यासाठी ठसा वापरला, तर दोन्ही साधते. काही शिक्षक तसे करतात. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात चाळीसहून अधिक मुलांनी कोरणे, शाई लावणे आणि हात धुणे बसत नाही, म्हणून कोरणाऱ्यांचा आणि छापणाऱ्यांचा असे गट पाडून ते आलटून-पालटून बदलतात किंवा दोन तास जोडून घेतात.

मूल्यमापनात एकाच छापाऐवजी तीन-चार प्रतींचा संच मागण्याची पद्धत योग्य ठरते, कारण शाईचे प्रमाण आणि कागदाची मांडणी त्यातूनच कळते. प्रत्येक प्रतीखाली पेन्सिलीने डावीकडे प्रतक्रमांक व एकूण प्रती (उदा., २/५), मध्ये शीर्षक आणि उजवीकडे सही असा व्यावसायिक छापचित्रकारांचा संकेत शाळेतही पाळला जातो.