सावलीचा रंग

इमारतीचा थ्रीडी व्ह्यू करायला बसलं की नवशिक्याचा हात आधी सावल्या काळ्या करतो. मीही कितीतरी वर्षं तेच केलं. छज्ज्याखालचा भाग इतका काळा व्हायचा की खिडकीची चौकट, ग्रिल, कठडा सगळं त्यात बुडून जायचं.

खरी सावली काळी नसतेच. भर उन्हात चुना दिलेल्या भिंतीकडे बघा. सावलीतल्या भागापुरता सूर्य आड गेलेला असतो, पण निळं आकाश वरून उजेड देतच असतं, म्हणून ती सावली निळसर असते. भिंत पांढरी आहे हे मेंदूला ठाऊक असतं. तो निळेपणा परस्पर वजा करून टाकतो. एका काळ्या कार्डाला दोन बारीक भोकं पाडा. एकातून ऊन दिसू दे, दुसऱ्यातून सावली. भिंत नजरेआड झाली की दोन रंग वेगळे दिसू लागतात.

१९९८ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या एमी गूच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्रांच्या चित्रांसाठी छायांकनाची एक रीत मांडली. प्रकाशाकडे तोंड केलेला पृष्ठभाग पिवळसर, पाठ फिरवलेला निळसर, आणि गडद-फिकेपणा मधल्या टप्प्यातच ठेवायचा. अगदी काळं राखायचं ते कडांच्या रेषांसाठी, अगदी पांढरं चकाकीसाठी. त्यामुळे अंधाऱ्या बाजूचीही रेष न् रेष वाचता येते.

हीच रीत मी छज्ज्याला लावून पाहिली आणि हरवलेली चौकट परत आली. मग व्हरांड्यातल्या लाल कोब्यावरून उसळलेल्या उजेडाची तांबूस झाक छताला दिली. ती झाक खऱ्या घरातही असते, मी फक्त थोडी वाढवली. या वाढवण्याला मी फसवणूक मानत नाही, पण एक पथ्य कसोशीने पाळतो: भिंतीच्या रंगाची शेड ठरवायला असं चित्र घरमालकाच्या हाती देत नाही. त्यासाठी भिंतीवरच हातभर पट्टा रंगवून दाखवावा.

संध्याकाळच्या व्ह्यूला रंग असे फार वाढवावे लागत नाहीत. सूर्य मावळल्यावर किरणांना ओझोनच्या थरातून लांबचा प्रवास करावा लागतो. ओझोन त्यातला नारिंगी-पिवळा भाग शोषतो, म्हणून डोक्यावरचं आकाश गडद निळं राहतं. त्याच सुमारास घरातल्या पिवळ्या दिव्यांचा आणि आकाशाचा उजेड काही मिनिटं जवळपास सारखा होतो. तेवढ्या वेळात भिंतीही दिसतात आणि खिडकीआडची माणसंही.