पार्श्वभूमी : चाळिशीतल्या छेत्रीला परत का बोलवावं लागलं?

सुनील छेत्री पुन्हा भारताकडून खेळणार, असं अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने ६ मार्च २०२५ रोजी जाहीर केलं. तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता आणि आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त होऊन त्याला नऊ महिने झाले होते. १९ मार्चला शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध तो उतरला, हेडरवर गोल केला आणि भारत ३-० जिंकला. नोव्हेंबर २०२३ नंतरचा भारताचा हा पहिलाच विजय. मधलं २०२४चं अख्खं वर्ष एकही सामना न जिंकता गेलं होतं.

छेत्रीचं कौतुक झालं, आणि ते रास्तच होतं. मात्र त्याला ज्या जागेसाठी परत बोलावलं ती स्ट्रायकरची, म्हणजे गोल मारणाऱ्या मुख्य आघाडीपटूची जागा रिकामी कशी पडली, ही गोष्ट छेत्रीच्या वयापेक्षाही जुनी आहे.

भारताला स्ट्रायकर कधीच मिळाले नाहीत, असं नाही. १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४-२ असं हरवलं, त्यातले तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचे होते. ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाविरुद्धही त्यानेच भारताला आघाडी मिळवून दिली होती. पुढे सामना ४-१ असा गेला ते वेगळं. मुंबईत आज किती जणांना हे नाव आठवतं, हा प्रश्न न विचारलेलाच बरा. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी आणि तुलसीदास बलराम हे त्रिकूट होतं. शिवाय जर्नेलसिंग. हा मूळचा बचावपटू. थायलंडविरुद्ध त्याचं डोकं फुटलं, टाके पडले. मागे ठेवणं धोक्याचं, पण बाहेर बसवणंही परवडणारं नव्हतं, म्हणून प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्याला सरळ सेंटर फॉरवर्ड, म्हणजे मधला आघाडीपटू केलं. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्धचे दोन गोल बॅनर्जी आणि या जर्नेलसिंगचे. सुवर्णपदक भारताचं.

पुढच्या काळात इंदरसिंग, मोहम्मद हबीब, शब्बीर अली अशी नावं येत राहिली. वळण आलं ते १९८० साली. ईस्ट बंगालने मजीद बिस्कर आणि जमशीद नासिरी हे दोन इराणी खेळाडू घेतले आणि कोलकाता अक्षरशः वेडं झालं. काही वर्षांनी नायजेरियाचा चिमा ओकोरी आला. दणकट शरीर, लांबून सणसणीत फटका, आणि गोलांची रास. क्लबांना एक गोष्ट कळून चुकली : भारतीय पोराला गोल मारायला शिकवत बसण्यापेक्षा तयार माणूस बाहेरून आणणं सोपं आणि स्वस्तही पडतं. त्यात क्लबांचं काही चुकलं असं म्हणता येत नाही. कोलकात्यात डर्बी, म्हणजे ईस्ट बंगाल-मोहन बागान सामना, हरल्यावर प्रशिक्षकाची नोकरी धोक्यात येते, दहा वर्षांनी राष्ट्रीय संघाचं काय होईल याचा हिशेब त्याने का ठेवावा?

तरीही नव्वदच्या दशकात आय. एम. विजयन आणि बायचुंग भूतिया या दोघांनी ही लाट थोपवून धरली. १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्यात सॉल्ट लेक स्टेडियमवर सव्वा लाखाहून जास्त माणसं जमली होती. ईस्ट बंगालच्या बायचुंगने मोहन बागानविरुद्ध तीन गोल केले. दोन वर्षांनी तो इंग्लंडच्या बरी क्लबकडे गेला. पण मोहन बागानचा ब्राझिलियन होजे बारेटो, चर्चिल ब्रदर्सचा ओडाफा ओकोली, डेम्पोचा रँटी मार्टिन्स ही पुढची पिढी येईपर्यंत पुढच्या फळीचा ताबा पुरता परदेशी हातात गेला होता. २००७ साली आय-लीग ही देशभरातल्या क्लबांची स्पर्धा सुरू झाली, आणि पहिल्या सहा हंगामांत सर्वाधिक गोलांचा मान ओडाफाने तीनदा, रँटीने तीनदा मिळवला.

छेत्री मोठा झाला तो याच काळात.

३ ऑगस्ट १९८४ रोजी सिकंदराबादला त्याचा जन्म झाला. वडील लष्करात, त्यामुळे दर काही वर्षांनी बदली, नवी शाळा, नवं मैदान. आई सुशीला नेपाळच्या महिला संघाकडून खेळलेली, मावशीही. घरात फुटबॉल आईकडून आला, ही भारतात तरी विरळाच गोष्ट. दिल्लीत सिटी क्लबकडून खेळताना तो नजरेत भरला आणि २००२ साली मोहन बागानने त्याला घेतलं. तिथे प्रशिक्षक होते सुब्रत भट्टाचार्य. (पुढे पंधरा वर्षांनी ते त्याचे सासरे झाले.) बागानमध्ये बारेटोसारखा माणूस समोर असताना पोरसवदा स्ट्रायकरला जागा मिळणं अवघडच होतं. २००५ साली तो पंजाबच्या जेसीटीकडे गेला, आणि नियमित खेळायला मिळाल्यावर त्याचा खेळ खुलला. कारकिर्दीतला सगळ्यात शहाणा निर्णय कोणता, असं विचारलं तर मी हाच सांगेन. मोठ्या क्लबच्या बाकावर बसून राहिलेले त्याच्या वयाचे कितीतरी आघाडीपटू नंतर दिसलेच नाहीत.

१२ जून २००५ रोजी क्वेट्टामध्ये पाकिस्तानविरुद्ध त्याने भारताकडून पहिला सामना खेळला आणि त्यातच गोल केला. सामना १-१ असा सुटला. खरी ओळख झाली तीन वर्षांनी. ऑगस्ट २००८ मध्ये दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर एएफसी चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात भारताने ताजिकिस्तानला ४-१ हरवलं, छेत्रीची हॅटट्रिक. या विजयाने भारत १९८४ नंतर प्रथमच, २०११च्या आशियाई कपला पात्र ठरला. तिथे दोहात ऑस्ट्रेलिया, बहारीन आणि दक्षिण कोरियाने आपल्याला सडकून काढलं. त्यातही छेत्रीने दोन गोल केले. त्याच वर्षी बायचुंग निवृत्त झाला आणि सगळा भार याच्यावर आला.

परदेशात खेळायचं स्वप्न मात्र तीनदा अडलं. २००९ साली लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी करार ठरला होता, पण जागतिक क्रमवारीत भारत पहिल्या सत्तरात नाही म्हणून ब्रिटनने वर्क परमिट नाकारलं. खेळाडूच्या कुवतीचा निकाल देशाच्या क्रमवारीवर लावण्याचा हा प्रकार. २०१० साली अमेरिकेत कॅन्सस सिटीने घेतलं, पण स्पर्धात्मक सामना एकच मिळाला. २०१२ साली पोर्तुगालच्या स्पोर्टिंगने घेतलं, तेही राखीव संघापुरतं. २०१३ साली तो नव्या बंगळुरू एफसीत आला, पहिल्याच हंगामात आय-लीग जिंकली, आणि मग तिथलाच झाला.

त्याचा खेळ जवळून पाहिला तर पहिली गोष्ट खटकते ती उंची : जेमतेम १७० सेंटिमीटर. तरी त्याचे कितीतरी गोल डोक्याने झालेले आहेत. क्रॉस येण्याआधी तो बचावपटूच्या पाठीमागे, त्याला दिसणार नाही अशा बाजूला सरकतो. चेंडू उडाला की बचावपटूची नजर चेंडूवर जाते, आणि तेवढ्यात हा दोन पावलं पुढे, जवळच्या खांबाकडे निघालेला असतो. उडी फार उंच नसते, वेळेवर असते. धिप्पाड परदेशी बचावपटूंशी अंगाला अंग भिडवून जिंकता येत नाही, हे क्लब फुटबॉलमध्ये रोज अनुभवल्यावर शोधलेला हा मार्ग असावा, असं मला वाटतं. पेनल्टीही तशीच, डोकं थंड ठेवून.

मुंबईकरांनी हे जून २०१८ मध्ये पाहिलं, किंवा आधी पाहिलं नाही. अंधेरीच्या मैदानावर आंतरखंडीय चषकात भारताने चायनीज तैपेईला ५-० हरवलं, छेत्रीची हॅटट्रिक झाली, आणि प्रेक्षक होते २,५६९. दुसऱ्या दिवशी त्याने एक साधा व्हिडिओ टाकला : शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. ४ जूनचा केनियाविरुद्धचा सामना त्याचा शंभरावा होता. तिकिटं संपली. धो धो पाऊस, मैदानावर पाणी साचलेलं, चेंडू जागच्या जागी अडत होता आणि मध्यंतरापर्यंत एकही गोल नाही. उत्तरार्धात पेनल्टी मिळाली आणि छेत्रीने गोलरक्षक एका बाजूला झेपावताच चेंडू हलकेच मधोमध उचलून टाकला. त्या चिखलात, त्या गर्दीसमोर. भारत ३-० जिंकला, शेवटचा गोलही त्याचाच.

गोलांच्या आकड्याबद्दल मात्र थोडं सावध बोलायला हवं. निवृत्तीच्या वेळी १५१ सामन्यांत ९४ गोल, आणि आंतरराष्ट्रीय गोलांच्या सार्वकालिक यादीत रोनाल्डो, अली दाई आणि मेस्सी यांच्यापाठोपाठ चौथं स्थान. मेस्सीशी तुलना करणारी पोस्टर निघाली, ती हौसेची. यातले बरेच गोल नेपाळ, मालदीव, पाकिस्तान अशा दक्षिण आशियाई संघांविरुद्धचे आहेत. पण दुसरी बाजूही आहे : त्याला पास देणारा संघ मार्च २०१५ मध्ये जागतिक क्रमवारीत १७३वा होता. २०१९च्या आशियाई कपमध्ये थायलंडला ४-१ हरवताना दोन गोल त्याचेच होते.

आता मूळ मुद्दा. २०१४ साली इंडियन सुपर लीग (आयएसएल) ही नवी क्लब स्पर्धा आली तेव्हा अकरात सहा परदेशी चालत होते. ही संख्या पुढे पाचवर आणि २०२१-२२ पासून चारवर आली. कमी केली तरी त्या चारांत एक स्ट्रायकर असतोच असतो. २०२४-२५ पर्यंतच्या अकरा हंगामांत सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट एकाही भारतीयाला मिळालेला नाही. खुद्द छेत्रीही बंगळुरूत बराच काळ डाव्या बाजूने खेळला, मध्ये व्हेनेझुएलाचा मिकू असायचा. मनवीर सिंग राष्ट्रीय संघात मध्ये खेळतो, मोहन बागानमध्ये उजव्या बाजूला. आठवडाभर बाजूने क्रॉस टाकणाऱ्याने महिन्यातून एकदा राष्ट्रीय शिबिरात येऊन एकदम गोलसमोरचा माणूस व्हायचं, हे जमणार कसं? जेजे लालपेखलुआ हा खरा वारस वाटत होता, २०१९ साली गुडघ्याने दगा दिला. तो आता मिझोरामचा आमदार आहे.

मे २०२४ मध्ये निवृत्ती जाहीर करताना छेत्रीनेही हेच बोलून दाखवलं होतं : आपल्या क्लबात मुख्य स्ट्रायकर म्हणून खेळणारा भारतीय आपल्याकडे नाही. ६ जूनला कोलकात्यात कुवेतविरुद्ध ०-० झाली, तो निघून गेला. पाच दिवसांनी कतारविरुद्ध हरून भारत विश्वचषक पात्रतेतून बाहेर पडला, प्रशिक्षक इगोर स्टिमॅच गेले, मनोलो मार्केझ आले. आणि मग २०२४-२५च्या आयएसएलमध्ये भारतीयांत सर्वाधिक गोल कोणाचे? छेत्रीचेच, १४. मार्केझ यांच्यापुढे दुसरा पर्याय काय होता, हे टीकाकारांनी सांगायला हवं होतं.

पुनरागमनातून हाती फारसं लागलं नाही. २०२७च्या आशियाई कप पात्रता फेरीत बांगलादेशशी गोलशून्य बरोबरी, हाँगकाँगकडून १-० हार. मार्केझ यांच्यानंतर आलेल्या खालिद जमील यांनी छेत्रीविना संघ नेला आणि मध्य आशियाई सीएएफए नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला. तरी ऑक्टोबर २०२५च्या सिंगापूरविरुद्धच्या दोन सामन्यांसाठी त्यांनीही छेत्रीलाच बोलावलं. पहिला १-१. दुसरा १४ ऑक्टोबरला मडगावात १-२, आणि भारत बाहेर. या चार पात्रता सामन्यांत भारताचे गोल झाले दोन. सिंगापुरातला गोल बचावातल्या चुकीचा फायदा घेऊन रहीम अलीने केला, तोही नव्वदाव्या मिनिटाला. मडगावातला छांगतेचा होता, आणि छांगते विंगर, म्हणजे बाजूने खेळणारा आहे.