मुरारच्या दगडातलं लोखंड

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या बाजारात हेमाटाइट या लोहखनिजाची कडी विकायला येतात. ‘हातात घाला, हिमोग्लोबिन वाढेल,’ असं विक्रेता सांगतो आणि शिकलेली माणसंही ती घेतात. दोन्ही नावं ‘रक्त’ या अर्थाच्या एकाच ग्रीक शब्दावरून आलेली आहेत, नातं तेवढंच. दगडातलं लोह ऑक्सिजनला जखडलेलं असतं. ते कातडीतून आत शिरत नाही. रक्त कमी असेल तर डॉक्टरांकडे जावं.

या दगडाची खरी नवलाई आपल्या पायाखाली आहे. भूवैज्ञानिकांनी इथल्या एका खडकसमूहाला ग्वाल्हेरमधल्या आपल्या मुरारचंच नाव दिलंय. सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेल्या या गाळात पट्टेदार लोहखडक सापडतो: जॅस्परची, म्हणजे लोहाने लाल झालेल्या गारेची रेघ, तिच्यावर लोहाची काळपट, पुन्हा लाल.

हे कसं घडलं ते बोरिंगच्या पाण्यात दिसतं. लोह असलेलं पाणी वर येतं तेव्हा नितळ असतं. बादलीत रात्रभर ठेवलं की पिवळं पडतं आणि तळाशी तांबूस गाळ बसतो. जमिनीखाली ऑक्सिजन नसताना लोहाच्या अणूने दोन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात, आणि हे फेरस लोह पाण्यात विरघळतं. हवा लागली की तिसराही जातो. मग झालेलं फेरिक लोह साध्या पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, खाली बसतं.

आदिम समुद्र म्हणजे अशीच प्रचंड बादली. तळाच्या उष्ण झऱ्यांतून फेरस लोह येत होतं. नीलहरित जिवाणूंनी ऑक्सिजन सोडायला सुरुवात केली आणि लोह गाळ होऊन खाली बसू लागलं; काही जिवाणू तर ऑक्सिजनशिवायच, उजेडाच्या बळावर त्याचा इलेक्ट्रॉन काढून घेत असावेत. सिलिका, म्हणजे गारेतला पदार्थ, वापरून कवच करणारे जीव तेव्हा नव्हते, म्हणून तीही पाण्यात भरपूर होती. तिचे थर लोहाच्या थरांमध्ये बसले. पट्टे इतके नेमके का पडले, यावर अजून वाद आहे.

अशा खडकात लोह साधारण ३० टक्के, बाकी बहुतेक सिलिका. पुढे कोट्यवधी वर्षं पाणी झिरपत राहिलं, तर सिलिका हळूहळू विरघळून जाते. फेरिक लोह मात्र जागचं हलत नाही. बस्तरच्या बैलाडिल्याचं ६५ टक्क्यांच्या आसपासचं खनिज अशाच खडकांतून तयार झालं. शुद्ध हेमाटाइटमध्येही लोह ७० टक्केच असतं! आपल्या भागातही खाणी होत्या. ‘आईन-ए-अकबरी’त ग्वाल्हेरच्या लोखंडाच्या खाणीची नोंद आहे.

हेमाटाइट काळा दिसला तरी फरशीच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासा, रेघ लालसर तपकिरी उमटते. आणि बाजारातलं कडं चुंबकाला खटकन चिकटलं, तर ते बहुधा कारखान्यात बनवलेलं फेराइट हे चुंबकी द्रव्य आहे.