‘व्हॉट अ शेम’ आणि ‘शेम ऑन यू’: हळहळ कुठली, जाब कुठला

इंग्लंडमधल्या ऑफिसात तुम्ही सांगता, शुक्रवारी जेवायला यायला जमणार नाही. सहकारी म्हणतो, ‘ओह, व्हॉट अ शेम!’ शाळेत ‘शेम शेम’ ऐकत वाढलेल्या आपल्या कानाला आधी लाजच ऐकू येते आणि आपण घाईघाईने माफी मागायला लागतो. त्याने दोष दिलेलाच नसतो. ‘अरेरे, तू असतास तर मजा आली असती,’ एवढंच त्याचं म्हणणं. ‘आय नो, मलाही यायचं होतं,’ हे उत्तर तिथे पुरतं.

‘शेम ऑन यू’ थेट माणसावर येतं. २००३च्या ऑस्कर सोहळ्यात अमेरिकी माहितीपटकार मायकेल मूर यांनी इराक युद्धाचा निषेध करताना तेव्हाच्या अमेरिकी अध्यक्षांना व्यासपीठावरून ‘शेम ऑन यू, मिस्टर बुश’ असं सुनावलं होतं. त्यात हळहळ नव्हती, ‘लाज वाटायला हवी’ हा जाब होता. लोकसभेत बाकांवरून ‘शेम, शेम’ उठतं तेही याच जातीचं.

‘शेम’नंतर ‘ऑन’ आलं की कुणाला तरी धरलंय, हे उघड आहे. ‘शेम अबाउट द वेदर’मध्ये धरायला कुणी नाहीच. खरी गोम आहे ‘इट्स अ शेम’मध्ये. ‘इट्स अ शेम यू कुडन्ट कम’ ही निव्वळ हळहळ: तुला जमलं नाही, वाईट वाटलं. ‘इट्स अ शेम यू डिडन्ट टेल मी’ म्हटलं की सूर बदलतो: सांगता आलं असतं, सांगितलं नाहीस. आवाज तितकाच मऊ, पण चिमटा काढलेला असतो. माझ्या मते आपली माणसं सगळ्यात जास्त इथेच फसतात. माफी मागायची तर इथे मागावी, आणि नेमकं इथेच आपण हसून सोडून देतो.

‘क्राइंग शेम’मध्ये हळहळीला संतापाची धार असते, गावातली चांगली लायब्ररी बंद पडू दिली, अशा वेळचा हा शब्दप्रयोग. दक्षिण आफ्रिकेत तर गोंडस बाळ बघूनही ‘शेम!’ म्हणतात, तिथे तो निव्वळ जिव्हाळा.

कुणाच्या घरी माणूस गेलं असेल तर मात्र ‘व्हॉट अ शेम’ म्हणू नका. हुकलेल्या जेवणाला शोभणारी हळहळ तिथे फार हलकी पडते. ‘आय अ‍ॅम सो सॉरी’ म्हणावं.