कोवर्किंग की बिझनेस क्लब: पैसे भरण्याआधी फरक समजून घ्या

शहराच्या मुख्य व्यापारी भागात ऑफिस नसलेल्या, पण तिथे रोज काम असलेल्या माणसाला हल्ली दोन प्रकारच्या जागा खुणावतात. एक कोवर्किंग स्पेस आणि दुसरा बिझनेस क्लब. दोन्हीकडे महिन्याची किंवा वर्षाची फी असते, चांगली कॉफी असते, मऊ सोफे असतात, मीटिंगसाठी खोल्या असतात, आणि पैसे भरणाऱ्याला दोन्हीकडे ‘मेंबर’च म्हणतात. माहितीपत्रकं शेजारी ठेवली तर फोटोसुद्धा अदलाबदल करता येतील. त्यामुळे खूप जण एकाच्या अपेक्षेने दुसरं घेतात आणि चार-सहा महिन्यांनी ‘तिथे जमलं नाही’ म्हणून सोडून देतात. बहुतेक वेळा त्यात जागेचा काही दोष नसतो.

फरक विक्रीला काय ठेवलंय यात आहे. कोवर्किंगवाला तुम्हाला काम करायला जागा विकतो. तिथे माणसं भेटली तर तो फायदा, पण त्याची हमी कोणी देत नाही. क्लब तुम्हाला एका माणसांच्या गटात प्रवेश देतो. त्या गटाला बसायला, जेवायला छप्पर लागतं म्हणून जागा असते. बाकीचे सगळे फरक यातून निघतात: दारावर कोण अडवतं, जेवण कसं मिळतं, लॅपटॉप उघडता येतो का, बाहेर कसं पडायचं.

गंमत अशी की दोघांचा पूर्वज एकच आहे. सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये एक पेनी दिली की कॉफीहाउसमध्ये कोणालाही बसता येई. तिथेच वर्तमानपत्रं वाचली जात, सौदे होत, जहाजांच्या बातम्या कळत. एडवर्ड लॉइड याच्या कॉफीहाउसमध्ये जहाजमालक आणि विमा उतरवणारे जमू लागले आणि त्यातून पुढे लॉइड्सचा विमाबाजार उभा राहिला. जोनाथन्स नावाच्या कॉफीहाउसमधून जॉन कास्तेंग १६९८ पासून शेअर आणि मालाच्या भावांची यादी काढायचा. आजच्या लंडन स्टॉक एक्स्चेंजची मुळं तिथे शोधली जातात. पण त्याच काळात दुसरी धारही सुरू झाली. १६९३ साली चॉकलेट पिण्याची जागा म्हणून उघडलेलं व्हाइट्स हळूहळू निवडक लोकांपुरतं बंद झालं आणि क्लब बनलं. उघडं दार आणि बंद दार हे दोन रस्ते तेव्हाच वेगळे झाले.

कोवर्किंगचा आजचा अवतार मात्र अगदी अलीकडचा. ब्रॅड न्यूबर्ग या प्रोग्रॅमरने ऑगस्ट २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पहिली अशी जागा सुरू केली. नोकरीतला सहवास आणि स्वतंत्र कामातली मोकळीक दोन्ही एकत्र मिळावीत हा त्याचा हेतू होता. मला हा हेतू आजही फार मोलाचा वाटतो, कारण घरून एकट्याने काम करणाऱ्याची मुख्य अडचण टेबल नसणं ही क्वचितच असते. पुढे २०१० मध्ये वीवर्क आली आणि हीच कल्पना मोठमोठ्या इमारतींच्या मजल्यांवर पसरली. कंपनीने मालकांकडून दीर्घ मुदतीने जागा भाड्याने घ्यायच्या आणि सदस्यांना महिन्याच्या बोलीवर द्यायच्या, हे त्या धंद्याचं गणित. सदस्य उद्या जाऊ शकतो, भाडेपट्टा मात्र जात नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये वीवर्कने दिवाळखोरीचा अर्ज केला त्यामागे हे मोठं कारण होतं. सदस्य म्हणून तुम्हाला यातून एवढंच लक्षात ठेवायचं आहे की तुमच्या हातात असतो तो साधारणपणे वापराचा परवाना. भाडेकरूचे हक्क त्यात येत नाहीत. चालकाने मजला बंद केला तर तुमचं टेबलही गेलं.

आता दाराची गोष्ट. कोवर्किंगमध्ये फॉर्म भरला, ओळखपत्र दाखवलं, पैसे दिले की त्याच दुपारी कार्ड हातात. जुन्या क्लबांमध्ये एक सदस्य नाव सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो, मग समिती विचार करते. कधी प्रतीक्षायादी वर्षानुवर्षं चालते. नव्या क्लबांनी अर्ज ऑनलाइन केला असला तरी निवड ठेवलीच आहे. ही निवड म्हणजेच क्लबचा माल. ती काढून टाकली तर उरतं एक महागडं रेस्टॉरंट. या निवडीला काळी बाजूही आहे. व्यापारी भागातल्या अनेक क्लबांनी स्त्रियांना आणि अल्पसंख्याकांना दशकानुदशकं दाराबाहेर ठेवलं, आणि ज्या टेबलांवर बढत्या आणि कंत्राटं ठरत होती त्या टेबलांपर्यंत त्यांना पोचूच दिलं नाही.

न्यूयॉर्कने १९८४ मध्ये यावर जो कायदा केला तो आपल्या विषयासाठी फार उपयोगी आहे. चारशेहून अधिक सदस्य, नियमित जेवणाची सोय, आणि धंद्याच्या कामासाठी सदस्य नसलेल्यांकडून किंवा त्यांच्या वतीने नियमितपणे मिळणारे पैसे, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर त्या क्लबला ‘आम्ही खासगी आहोत’ म्हणून भेदभाव करता येणार नाही, असं त्यात ठरलं. क्लबांनी आव्हान दिलं, पण १९८८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. इथे कायद्याने जेवणाकडे पाहिलं हे मला विशेष वाटतं. क्लबमध्ये व्यवहार होतो तो जेवणाच्या टेबलावर, हे ज्यांनी हा मजकूर लिहिला त्यांना बरोबर ठाऊक होतं.

म्हणून मी कोणालाही सांगतो की दोन्हीतला फरक बघायचा तर दुपारी जेवणाच्या वेळेला जा.

कोवर्किंगमध्ये जेवणाची जागा म्हणजे पँट्री. कॉफीचं मशीन, फ्रिज, मायक्रोवेव्ह, एक उंच टेबल. कॉफी फुकट असते कारण खुर्चीच्या भाड्यापुढे तिचा खर्च नगण्य आहे. साडेबाराच्या सुमारास माणसं डबे उघडतात किंवा बाहेर पडतात. काही जण स्क्रीनकडे बघत जेवतात. मायक्रोवेव्हपाशी उभं असताना ‘तुम्ही काय करता’ एवढं बोलणं होतं आणि घंटी वाजली की संपतं. पण हेच बोलणं आठवड्यात चारदा, त्याच माणसाशी झालं की ओळख होते. पाहुण्याला जेवायला घालायचं असेल तर मात्र पँट्री उपयोगाची नाही. ग्राहकासमोर प्लास्टिकचे डबे ठेवून महत्त्वाचं बोलणं जमत नाही.

क्लबमध्ये जेवण हा मध्यभाग असतो. वाढपी नावाने ओळखतो, बिलावर सही केली की महिनाअखेरीस हिशोब येतो, आणि पाहुण्यासमोर पाकीट काढावं लागत नाही. अनेक जुन्या क्लबांत एकट्याने आलेल्या सदस्यांसाठी एक सामाईक लांब टेबल असतं. लंडनच्या बीफस्टीक क्लबमध्ये तर एकच लांब टेबल आहे. येणाऱ्याने पुढच्या रिकाम्या खुर्चीत बसायचं आणि शेजारी जो असेल त्याच्याशी बोलायचं. अनोळखी माणसांना एकमेकांशी बोलतं करण्याचा इतका साधा आणि चांगला उपाय मी दुसरा पाहिलेला नाही. कोवर्किंगवाल्यांनी पिंगपाँगच्या टेबलांऐवजी हे टेबल उचललं असतं तर बरं झालं असतं.

पण त्याच जेवणघरात अनेक पारंपरिक क्लब धंद्याचे कागद टेबलावर पसरू देत नाहीत. फोनवर बोलायला बंदी असते, लॅपटॉपला वेगळी खोली. धंद्यासाठी क्लब घ्यायचा आणि धंद्याचे कागद बाहेर काढायचे नाहीत, हे नव्या माणसाला विचित्र वाटतं. त्यामागचा विचार असा, की इथे ओळख घट्ट करा, करार उद्या ऑफिसात होईल. आणि ज्याला दिवसाचे आठ तास कोड लिहायचं आहे किंवा हिशोब तपासायचे आहेत त्याने इथे पैसे भरले तर तो पहिल्याच आठवड्यात वैतागेल. अनेक क्लबांत खाण्यापिण्यावर महिन्याला किंवा तिमाहीला किमान इतका खर्च करायलाच हवा अशी अट असते. नाही केला तरी तेवढी रक्कम बिलात येते. सही करण्याआधी ही अट विचारून घ्या, कारण फीच्या तक्त्यात ती बारीक अक्षरांत असते.

सोहो हाउसचं उदाहरण इथे बोलकं आहे. निक जोन्स यांनी १९९५ मध्ये लंडनमध्ये आपल्या रेस्टॉरंटच्या वरच्या मजल्यांवर हा क्लब सुरू केला. पुढे सदस्य दिवसभर लॅपटॉप उघडून बसू लागले, तसे त्यांच्यावर निर्बंध आले. मग २०१५ मध्ये त्याच कंपनीने सोहो वर्क्स नावाने काम करायला वेगळी जागा काढली. दोन्ही गोष्टी ज्याच्या हातात होत्या त्यानेच त्यांच्यात भिंत घातली.

उलट्या दिशेनेही प्रयत्न झाले. स्पेशस नावाची कंपनी संध्याकाळीच उघडणारी रेस्टॉरंटं दिवसा कोवर्किंगसाठी वापरायची. कल्पना सुंदर होती: रिकामी पडलेली टेबलं, उत्तम उजेड, मोक्याची जागा. वीवर्कने २०१९ मध्ये ती विकत घेतली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बंदही केली. जेवणाच्या टेबलाची उंची, खुर्च्यांची पाठ, प्लगची संख्या हे सगळं दीड तासाच्या हिशोबाने बनवलेलं असतं. दिवसभर बसणाऱ्याचं अंग ते लगेच सांगतं. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली स्त्रियांसाठी सुरू झालेल्या द विंगने तर कोवर्किंग आणि क्लब दोन्ही एका छताखाली आणलं. मग २०१८ मध्ये शहराच्या मानवाधिकार आयोगाने चौकशी सुरू केली, कारण प्रश्न तोच होता: ही व्यवसायाची जागा की खासगी मंडळ? द विंगने पुढे सदस्यत्वाचं धोरण बदललं आणि २०२२ मध्ये ती बंद झाली.

करखातंही हा फरक मानतं, निदान अमेरिकेत. तिथे टेबलाचं भाडं हा व्यवसायाचा खर्च धरला जातो. क्लबची वर्गणी मात्र १९९३ च्या कायद्यानंतर वजा करता येत नाही, क्लब केवळ धंद्याच्या गाठीभेटींसाठी असला तरीही. इतर देशांत नियम वेगळे असतील. आपल्या हिशोबनीसाला विचारल्याशिवाय ‘खर्चात टाकू’ असं गृहीत धरू नका.

आता ओळखीपाळखीबद्दल, कारण बहुतेकांचा खरा ओढा तिकडेच असतो. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये एक निष्कर्ष मांडला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांना ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. ५५ टक्क्यांहून थोड्या अधिकांना अधूनमधून भेटणाऱ्याकडून, आणि सुमारे २८ टक्क्यांना क्वचित भेटणाऱ्याकडून. जवळच्या माणसांना आपल्याला ठाऊक असतं तेवढंच ठाऊक असतं, नवी बातमी लांबून येते. या दृष्टीने कोवर्किंगमधली मायक्रोवेव्हपाशी झालेली ओळख हलकी समजू नये. तिथे अनुवादक, वकील, ॲप बनवणारी मुलगी आणि आयातदार एकाच रांगेत उभे असतात. क्लबमध्ये ओळखी कमी आणि एकाच वर्तुळातल्या, पण त्यांच्यावर विश्वास आधीपासून असतो, कारण कोणीतरी त्या माणसाची हमी दिलेली असते. विमा, वित्त, कायदा, जमीनजुमला अशा कामांत, जिथे एकेक सौदा मोठा आणि भरवशावर चालणारा असतो, तिथे ही हमी कामाची. लहान-लहान कामं सतत मिळवायची असतील तर मला कोवर्किंगच बरं वाटतं.

एक गैरसमज मात्र दोन्हीकडे आहे. नुसतं सदस्य झाल्याने कोणी भेटत नाही. कोवर्किंगमध्ये कानात हेडफोन घालून बसलात तर वर्षभरात शेजाऱ्याचं नावही कळणार नाही. क्लबमध्ये नेहमी आपलाच पाहुणा घेऊन कोपऱ्यातलं टेबल धरलंत तर तिथेही तेच.

सर्व्हिस्ड ऑफिस हा तिसरा प्रकार याच गर्दीत मिसळतो. तिथे तुम्हाला कुलूप लावता येणारी खोली आणि टपालाचा पत्ता मिळतो. गोपनीय कागद सांभाळायचे असतील, दोन-चार कर्मचारी असतील, तर सरळ तिकडे जा. सहवास हवा म्हणून तिकडे जाऊ नका.

निवडताना माझा सल्ला असा. आठवड्यात तीन किंवा अधिक दिवस स्वतःचं काम बसून करायचं असेल तर कोवर्किंग घ्या, आणि पाहुण्यांसाठी जवळचं एक शांत रेस्टॉरंट पक्कं करून ठेवा. काम घरून किंवा ग्राहकाकडे होत असेल आणि शहरात येणं केवळ भेटण्यासाठी असेल, तर क्लबचा विचार करा. एका दिवसाचा पास मागा, आणि तो मंगळवार ते गुरुवारच्या मधला मागा. कोवर्किंगवाले व्यायामशाळांसारखे खुर्च्यांपेक्षा जास्त सदस्य घेतात, आणि घरून काम करण्याची सवय लागल्यापासून ऑफिसची गर्दी याच तीन दिवसांत एकवटते. सोमवारी किंवा शुक्रवारी पाहिलेली शांतता बुधवारी सापडत नाही. क्लबमध्ये विचारायचे प्रश्न वेगळे: महिन्यात किती पाहुणे आणता येतील, सदस्य नसताना पाहुणा बसू शकतो का, दुसऱ्या शहरातल्या क्लबांशी परस्पर प्रवेशाचा करार आहे का, आणि सदस्यत्व सोडताना सुरुवातीला भरलेल्या रकमेपैकी काही परत मिळतं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या.