सदनिका खरेदी-विक्री, मराठवाड्यातील

मराठवाड्यातील आठ जिल्ह्यांत सदनिकेचे, म्हणजे बोलीतल्या फ्लॅटचे, व्यवहार ज्या कायद्यांनी आणि रिवाजांनी चालतात त्यांची ही नोंद. कायदे बहुतेक साऱ्या महाराष्ट्राला लागू असलेलेच आहेत. जमिनीचा इतिहास मात्र वेगळा आहे. हा प्रदेश 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि 1956 मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्यामुळे आज जिथे पाच-सात मजली इमारती उभ्या आहेत, तिथल्या कित्येक जमिनींच्या मूळ नोंदी निजामी महसुलाच्या आहेत. गिऱ्हाईक फ्लॅट पाहायला जाते तेव्हा फरशी, पार्किंग, बोअरचे पाणी बारकाईने तपासते. खालच्या जमिनीचा कागद शेवटी पाहिला जातो, तोही बँकेने मागितला म्हणून. पुढचे अवघड वाद बहुधा या उशिरामुळेच होतात.

फ्लॅट मालकीच्या जमिनीवर असेल तर जमिनीची मालकी पुढे गृहनिर्माण संस्थेच्या नावे होते किंवा अपार्टमेंट पद्धतीत प्रत्येक फ्लॅटधारकाचा तिच्यात अविभक्त हिस्सा ठरतो. पट्ट्याच्या, म्हणजे लीजच्या, जमिनीवर असेल तर जमीन सिडको, एमआयडीसी किंवा म्हाडा अशा पट्टेदात्याचीच राहते. घेणाऱ्याला पट्ट्याची उरलेली मुदत आणि त्यातल्या अटी मिळतात. या दोहोंच्या मध्ये तिसरा प्रकार आहे, तो म्हणजे भोगवटादार वर्ग-2. ही जमीन पट्ट्याची नसते, सातबाऱ्यावर धारकाचे नाव असते, तरी सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून ती विकता येत नाही. नाव दिसले की माणूस निर्धास्त होतो, म्हणून फसगत याच प्रकारात सर्वांत सहज होते.

वर्ग-2 च्या जमिनी मराठवाड्यात अनेक वाटांनी आल्या आहेत. निजामी काळात मशीद, दर्गा, मंदिर यांच्या सेवेसाठी दिलेल्या जमिनींना खिदमतमाश आणि व्यक्तीच्या निर्वाहासाठी दिलेल्या जमिनींना मदतमाश म्हणत. 1954 च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्याने इनामे रद्द झाली, पण धार्मिक संस्थांच्या जमिनींचा प्रश्न वेगळा राहिला. मदतमाश जमिनींवर बिनपरवानगी झालेले हस्तांतर नियमित करून घेण्यासाठी शासनाला नजराणा भरावा लागतो आणि त्याच्या दरात सरकारने वेळोवेळी सवलत दिली आहे. खिदमतमाश जमीन वक्फची निघाली तर प्रश्न नजराण्यावर मिटत नाही: 1995 च्या वक्फ कायद्याखाली तिची परस्पर विक्री मुळातच रद्दबातल ठरते. राज्य वक्फ मंडळाचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगरात पाणचक्की येथे आहे, आणि शहराच्या जुन्या भागात किंवा दर्ग्यांच्या आसपास फ्लॅट घेताना वकील तिथल्या नोंदी पाहूनच अहवाल देतात. इनामाचा जुना दाखला मुंतखब या नावाने ओळखला जातो. तो उर्दू-फारसीत असतो आणि वाचू शकणारी माणसे आता थोडी उरली आहेत.

दुसरी वाट कुळांची. हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा 1950 च्या कलम 38-ई ने संरक्षित कुळांना मालकी मिळाली. त्या जमिनींच्या हस्तांतरावर कलम 50-ब चे निर्बंध आहेत. बीड-परभणीकडे ‘अडतीस-ईची जमीन’ एवढे म्हटले तरी वकिलाला सारे कळते. तिसरी वाट सिलिंगच्या, म्हणजे कमाल मर्यादेहून जास्त ठरलेल्या, आणि शासनाने वाटलेल्या जमिनींची.

हे सारे कुठे दिसते? सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात. तिथे बारीक अक्षरात एखादी ओळ असते: ‘कूळ कायदा कलम 38-ई’, ‘इनाम’, ‘हस्तांतरास बंदी’. शेजारी एका फेरफाराचा, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीचा, क्रमांक असतो. तो फेरफार काढावा, त्यात ज्या आदेशाचा उल्लेख असेल तो तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढावा, आणि शेवट 1954-55 च्या खासरा पत्रकापर्यंत जाऊन करावा. त्या पत्रकात तेव्हाचा धारक कोण आणि जमीन कोणत्या प्रकारची हे नोंदलेले असते. बँकांच्या पॅनलवरचे वकील साधारण 30 वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या नोंदींचा शोध, घेतात. गुजरात-कोकणात तो पुरेसा असेल. मराठवाड्यात 30 वर्षे मागे गेले तरी माणूस 1990 च्या दशकातच पोहोचतो आणि इनामाची नोंद त्याच्या कितीतरी मागे असते. जमीन बिगरशेती झाली, म्हणजे तिचे एनए झाले, की जुने दोष धुतले जातात ही समजूतही चुकीची आहे. एनए हा वापराचा बदल आहे, मालकीचा नव्हे.

पट्ट्याच्या घरांचे सर्वांत मोठे क्षेत्र म्हणजे छत्रपती संभाजीनगरातील सिडको-हडको. 1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने त्याच दशकात इथे नवे शहर वसवायला घेतले आणि एन-1, एन-2 अशा क्रमांकांनी ओळखले जाणारे विभाग उभे राहिले. 2006 मध्ये रस्ते, पाणी, ड्रेनेज यांची जबाबदारी महापालिकेकडे गेली; जमीन मात्र सिडकोचीच राहिली. त्यामुळे इथल्या रहिवाशाला घरपट्टी एका दारी भरावी लागते आणि घर विकायचे तर परवानगी दुसऱ्या दारी मागावी लागते. वाळूज महानगर आणि नांदेडच्या सिडको भागातही पट्ट्याचाच प्रश्न आहे.

अशा घराचा एक नेहमीचा व्यवहार पाहू. वडिलांना सिडकोचे घर मिळाले, ते वारले. दोन मुले, दोन मुली, एक मुलगी पुण्याला. घर विकायचे ठरते. आधी पट्ट्यावर चौघांची वारस म्हणून नोंद व्हायला हवी किंवा तिघांनी एकाच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायला हवे. नंतर हस्तांतर शुल्क भरून सिडकोची ना हरकत घ्यायची, मूळ नकाशापेक्षा जास्त बांधकाम असेल तर त्याचा निकाल लावायचा, मग खरेदीदाराच्या नावे पट्ट्याचे हस्तांतर नोंदवायचे. ही साखळी लांब वाटते म्हणून अनेकांनी मुखत्यारपत्र आणि ताबा पावतीवर घरे दिली. घर तीन-चार हातांतून गेलेले असते, सिडकोच्या दप्तरी मात्र मूळ माणसाचेच नाव असते. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले की मुखत्यारपत्रावर केलेल्या विक्रीने मालकी जात नाही. असे घर घेणाऱ्याला मूळ पट्टेदार किंवा त्याचे वारस शोधत फिरावे लागते, आणि ते सापडले तर सहीसाठी नव्याने पैसे मागतात.

एमआयडीसीचे भूखंड 95 वर्षांच्या पट्ट्याने असतात. वाळूजजवळचे बजाजनगर ही एमआयडीसी क्षेत्रातलीच निवासी वस्ती. कामगारांनी आणि त्यांच्या संस्थांनी तिथे घरे बांधली, आणि विक्रीच्या वेळी महामंडळाची संमती लागते. म्हाडाच्या योजनेतला फ्लॅट ताब्यापासून पाच वर्षे विकता येत नाही. संभाजीनगरच्या छावणी भागात संरक्षण खात्याच्या जमिनींचे नियम आणखी निराळे आहेत. तिथे जुन्या अनुदानाचा (ओल्ड ग्रँट), म्हणजे सरकारने मालकी स्वतःकडे ठेवून जमीन वापरायला दिल्याचा, कागद पाहिल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नये. पट्ट्याची किती वर्षे उरली हे मूळ करारातच वाचावे. मुदत कमी उरली असेल तर बँक कर्जाला आढेवेढे घेते आणि पुढच्या विक्रीत भाव पडतो.

शासनाने पट्ट्याने किंवा वर्ग-2 म्हणून दिलेल्या जमिनी अधिमूल्य भरून वर्ग-1, म्हणजे परवानगीवाचून विकता येणाऱ्या, करण्यासाठी शासनाचे नियम आहेत. ते जिल्हाधिकाऱ्यांकडील शासकीय जमिनींचे आहेत. सिडकोच्या घरांना मालकी हक्क मिळावा ही रहिवाशांची मागणी फार जुनी आहे आणि ती रास्त आहे: ज्यांनी घराची पूर्ण किंमत कधीच फेडली, त्यांनी विकताना दर वेळी शुल्क का भरावे? पण ‘फ्री होल्ड होणारच आहे’ असे सांगून कोणी आजच चढा भाव मागत असेल, तर तो भाव देऊ नये. हातातला कागद आज पट्ट्याचा आहे.

गुंठेवारी हा शहराच्या कडेचा विषय. शेतजमिनीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून शंभराच्या बॉण्डवर विकले गेले. त्यांवर आधी घरे आली, मग बिल्डरने दोन-तीन प्लॉट एकत्र करून छोट्या इमारती बांधल्या. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने 1 जानेवारी 2001 पूर्वीची बांधकामे नियमित करण्याची सोय केली. 2021 मध्ये ती मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत नेली. नियमितीकरणाचे प्रमाणपत्र नसलेला फ्लॅट स्वस्त मिळतो, कर्ज मात्र सहसा मिळत नाही. तुकडेबंदीच्या, म्हणजे शेतजमिनीचे लहान तुकडे विकण्यावरच्या मनाईच्या, कारणाने असे दस्त नोंदवू नयेत असे नोंदणी विभागाचे जुलै 2021 चे परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मे 2022 मध्ये रद्द केले. सातारा-देवळाई हा भाग 2015 मध्ये महापालिकेत आला. तिथल्या जुन्या इमारतींची बांधकाम परवानगी ग्रामपंचायतीची की नगररचनेची, हा पहिला प्रश्न विचारावा. नमुना नंबर 8 चा उतारा म्हणजे करआकारणीची नोंद. तो बांधकाम परवाना नव्हे आणि मालकीचा पुरावाही नव्हे.

नव्या इमारतीत महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणाची, नोंदणी 1 मे 2017 पासून आहे, पण 500 चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत फ्लॅट असलेली योजना तिच्या बाहेर राहते. जालना, हिंगोली, धाराशिवमध्ये दोन बाजूंना दोन-दोन फ्लॅटच्या छोट्या इमारती पुष्कळ आहेत. म्हणजे जिथे गिऱ्हाईक जास्त उघड्यावर आहे तिथेच रेरा नाही. तिथे 1963 च्या सदनिका मालकी कायद्याचा, म्हणजे मोफाचा, आधार राहतो. रेराखाली नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, तरी ‘एक नंबर किती, दोन नंबर किती’ ही बोलणी अजून चालतात. रोखीत दिलेला पैसा वाद झाला की कुठेच दिसत नाही, आणि नुकसान घेणाऱ्याचेच होते.

इमारत पूर्ण झाल्यावर बिल्डरने जमीन संस्थेच्या नावे करून द्यायची असते. ती त्याने टाळली तर 2008 च्या दुरुस्तीनुसार जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स, मागता येते. पट्ट्याच्या जमिनीवर संस्थेला मिळतो तो पट्ट्याचा हक्कच, मालकी नाही.

संभाजीनगर शहरात मुद्रांक शुल्क 5 टक्के आणि त्यावर 1 टक्का अधिभार लागतो. घर महिलेच्या नावे असेल तर 1 टक्का सवलत मिळते. नोंदणी फी 1 टक्का, जास्तीत जास्त 30,000 रुपये. शुल्क ठरते ते रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरपत्रकातली किंमत, आणि करारातली किंमत यांपैकी जी जास्त तिच्यावर. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर 5 टक्के जीएसटी, 45 लाखांपर्यंतच्या आणि 90 चौरस मीटरपर्यंत चटईक्षेत्राच्या घरावर 1 टक्का. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर घेतलेल्या घरावर काहीच नाही. किंमत 50 लाख किंवा अधिक असेल तर खरेदीदाराने 1 टक्का कर कापून भरायचा असतो.

पाण्याचा प्रश्न इथे कागदाइतकाच महत्त्वाचा आहे. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. म्हणून इमारतीला नळजोडणी मंजूर आहे का, बोअर उन्हाळ्यात किती चालते आणि टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरला आहे का, हे विकणाऱ्याला नव्हे तर वरच्या मजल्यावरच्या रहिवाशाला एप्रिल-मेमध्ये विचारावे.

जुना फ्लॅट विकताना संस्था महापालिका क्षेत्रात हस्तांतर अधिमूल्य म्हणून 25,000 रुपयांहून जास्त घेऊ शकत नाही, मग पावती ‘देणगी’ या नावाने का असेना. नॉमिनी हा वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो, मालक नसतो. त्याच्या एकट्याच्या सहीवर खरेदीखत करू नये. रजिस्ट्री झाल्यावर इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा उतारा, घेऊन संस्थेचा भाग दाखला, महापालिकेची मालमत्ता कर नोंद आणि महावितरणचे बिल ही तीन नावे बदलून घ्यावी लागतात, आणि जमीन पट्ट्याची असेल तर चौथे नाव पट्टेदात्याच्या दप्तरी.